डेबियन १२ आणि मग १३, नव्या लॅपटॉपवर: वायफाय आणि आवाजाचा सविस्तर अनुभव

बहिणीच्या नव्या लॅपटॉपवर आधी डेबियन १२ (डेबियन म्हणजे लिनक्सचा एक प्रकार) टाकलं होतं, नंतर तेच १३ वर नेलं, आता दोन्ही पुरेसं वापरून झालंय म्हणून एकत्रच रिव्ह्यू लिहितोय. थीम कुठली, बूट किती सेकंदात होतं, डेस्कटॉप कसा दिसतो यातलं काही इथे नाही. फक्त दोन गोष्टी, नेट आणि आवाज. कारण नवीन माणूस हौसेने लिनक्स टाकतो आणि दोन दिवसांत परत फिरतो ना, तो बहुतेक वेळा या दोनपैकी एकापायी फिरतो, मी स्वतः असे तीन-चार जण बघितलेत. आणि बहीण ऑनलाइन शिकवते, म्हणजे तिचं नेट तुटलं किंवा माइक बंद पडला की तिचं कामच बंद, त्यामुळे इथे चालवून घेऊ वगैरे प्रकार शक्यच नव्हता.

स्टार आधीच सांगून टाकतो, डेबियन १३ ला पाचपैकी साडेचार, १२ ला या लॅपटॉपपुरते साडेतीन. लॅपटॉपचं आणि वायफाय चिपचं नाव मुद्दाम देत नाही कारण त्याचा उपयोग नाही, एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं निघतात, तुम्ही नाव बघून घ्याल आणि आत भलतंच निघेल. आपल्या मशीनमध्ये काय आहे ते आपणच बघायचं असतं आणि कसं बघायचं तेच खाली लिहिलंय.

इन्स्टॉलरपासून सुरुवात करतो. ज्यांनी खूप वर्षांपूर्वी डेबियन टाकून बघितलं असेल त्यांच्या मनात अजून तीच भीती असते की इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर नसतं, वायफाय चालत नाही, वेगळी अनऑफिशियल इमेज शोधावी लागते. हे आता राहिलेलं नाही. २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी यावर मतदान घेतलं आणि १० जून २०२३ ला डेबियन १२ आलं तेव्हापासून ऑफिशियल इमेजमध्येच फर्मवेअर येतं, त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर नावाचा वेगळा विभाग केलाय. ज्यांनी जुनं ११ अपग्रेड करत करत १२ वर आणलंय त्यांनी मात्र आपल्या सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून आणायची ती यादी) हा शब्द आहे का ते बघा, नसेल तर फर्मवेअरचे अपडेट येतच नाहीत आणि काही बिघडलंय हे कळतही नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. ड्रायव्हर वेगळा आणि फर्मवेअर वेगळं. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात असतो, त्याच्यामुळे कर्नलला त्या चिपशी बोलता येतं. फर्मवेअर हा चिपच्या स्वतःच्या पोटात जाऊन बसणारा छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर दर वेळी बूट होताना चिपमध्ये चढवतो. दोन्ही लागतात. ड्रायव्हर नसताना फर्मवेअरची दहा पॅकेजेस टाकली तरी काही होत नाही, आणि फर्मवेअर नसताना ड्रायव्हर बिचारा चिपसमोर नुसता उभा राहतो.

तर इन्स्टॉलर सुरू केला, नेटवर्कच्या पायरीवर आला, आणि वायफाय दिसेचना. लॅपटॉप इतका बारीक की त्याला लॅन केबलचं पोर्टच नाही. अशा वेळी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन. फोन केबलने जोडायचा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, बस. लिनक्सला तो फोन साधं वायर्ड नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, ईएनएक्स ने सुरू होणारं एक लांबलचक नाव येतं, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच असतो. आणि फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जाळायची पण गरज नाही. हे एक माहीत असलं ना की वायफाय नसल्याची अर्धी धास्ती संपते, कारण पुढचं जे काय डाउनलोड करायचंय त्याला नेट मिळालेलं असतं. लोक दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर पॅकेजेस आणत बसतात, एक आणलं की त्याला दुसरं लागतं, त्याला तिसरं, वेळ फुकट.

इन्स्टॉल झालं, डेस्कटॉप आला, वायफाय नाही ते नाहीच. आता इथे मी जी चूक केली ती सांगतो कारण ती सगळेच करतात. मी सर्च केलं, कुणीतरी दिलेला ड्रायव्हरचा कोड सापडला, कर्नलचे हेडर टाकले, डीकेएमएस या टूलने मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बनवलं, बनलं पण, आणि लोड करताना एकच ओळ, "की (म्हणजे किल्ली) वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". याचा अर्थ सिक्युअर बूट चालू आहे आणि ज्या मॉड्यूलवर ओळखीची सही नाही ते कर्नल आत घेत नाही. त्याचाही उपाय आहे, एमओके म्हणतात त्या आपल्या स्वतःच्या किल्लीने सही करायची, ती किल्ली एमओकेयुटिल ने नोंदवायची, रीबूट केल्यावर निळी स्क्रीन येते तिथे पासवर्ड देऊन मान्य करायची. पण हे सगळं करायच्या आधी थांबलो ते बरं झालं, कारण मुळात याची गरजच नव्हती.

गरज होती ती एक कमांड चालवून बघायची. एलएसपीसीआय, पुढे डॅश देऊन एनएनके. यात मशीनमधली प्रत्येक चिप येते, तिच्यासोबत कंसात तिचा आयडी येतो, म्हणजे चार अक्षरं कंपनीची आणि चार त्या चिपची, आणि खाली एक ओळ येते कर्नल ड्रायव्हर इन यूज. ग्राफिक्सच्या खाली ती ओळ होती, एसएसडीच्या खाली होती, आणि नेटवर्क कंट्रोलर म्हणून जी वायफाय चिप दिसत होती तिच्या खाली ती ओळच नव्हती. एवढंच. पण या नसलेल्या ओळीने सगळं सांगितलं, चिप जिवंत आहे, कर्नलला दिसतेय, पण तिला सांभाळणारा कुणी नाही. म्हणजे प्रश्न सेटिंगचा नाही, पासवर्डचा नाही, नेटवर्क मॅनेजरचा (नेट जोडून देणारा प्रोग्राम) नाही, थेट ड्रायव्हरचा आहे.

मग तो आयडी घेऊन शोधलं तर कळलं की या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आलाय, ६.२ पासून. आणि डेबियन १२ मध्ये कर्नल आहे ६.१. एका आकड्याने हुकलं! ६.१ आला डिसेंबर २०२२ मध्ये, ६.२ आला फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि डेबियनने ६.१ धरला कारण तो लॉंग टर्म कर्नल आहे, वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळतात. स्थिरपणासाठी लोक डेबियन घेतात ना, तो स्थिरपणा इथून येतो, आणि नव्या लॅपटॉपची चिप न ओळखणं हेही तिथूनच येतं. दोन्ही एकाच पोटची.

यासाठी डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स आहे आणि माझ्या मते नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. पुढच्या आवृत्तीतली निवडक पॅकेजेस आत्ताच्या आवृत्तीसाठी बनवून ठेवलेली असतात. सोर्सेसमध्ये बुकवर्म-बॅकपोर्ट्स ची (बुकवर्म हे डेबियन १२ चंच नाव) ओळ टाकायची, तिच्यात मेन सोबत नॉन-फ्री-फर्मवेअर पण लिहायचं, आणि इन्स्टॉल करताना डॅश टी देऊन मुद्दाम बॅकपोर्ट्सचं नाव सांगायचं, कारण नुसती ओळ टाकून तिथलं काही आपोआप येत नाही, हे चांगलंच आहे, नाहीतर सगळी सिस्टीम अर्धी जुनी अर्धी नवी झाली असती. मी तिथून ६.१२ कर्नल आणि वायफायचं फर्मवेअर दोन्ही घेतलं, दोन्ही हं, एकच घेऊ नका, नव्या ड्रायव्हरला बऱ्याचदा नवं फर्मवेअर लागतं. रीबूट केलं आणि वरच्या कोपऱ्यात नेटवर्कची यादी आली. जुना कर्नल पण जात नाही, ग्रबच्या (बूट होताना येणारा मेनू) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये राहतो, नवीन बिघडला तर त्यात परत जाता येतं, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही. आणि डेबियनच्या कर्नलवर सही असतेच, म्हणून सिक्युअर बूट चालू ठेवूनच हे सगळं झालं.

ड्रायव्हरची ओळ दिसतेय पण तरी वायफाय नाही, असं असेल तर मग डीमेसग बघायचं, कर्नलची डायरीच ती. त्यात फर्मवेअर हा शब्द शोधायचा, फेल्ड टू लोड असं दिसलं तर पुढे फाइलचं नावच लिहिलेलं असतं, ती फाइल कुठल्या पॅकेजात आहे ते शोधून टाकायचं. हे पण ठीक असेल तर आरएफकिल लिस्ट, वायफायचा रेडिओच बंद केलेला आहे का ते ही कमांड दाखवते. त्यात सॉफ्ट ब्लॉक असेल तर आरएफकिल अनब्लॉक करून निघतो, हार्ड ब्लॉक असेल तर कमांडने काही होत नाही, लॅपटॉपवर कुठेतरी बटण किंवा विमानाच्या चित्राची की आहे ती दाबायची. आणि विंडोज शेजारी ठेवलं असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, काही वायफाय चिप त्याच अवस्थेत अडकून बसतात आणि लिनक्समध्ये सुरू होत नाहीत, दोष मात्र लिनक्सवर जातो.

अजून एक, हे या लॅपटॉपवर नाही, माझ्या स्वतःच्या जुन्या डेस्कटॉपवर झालं होतं. तिथे मी आधी डेस्कटॉपशिवाय छोटं इन्स्टॉल केलं आणि नंतर ग्नोम डेस्कटॉप टाकला. नेट चालत होतं पण वरच्या आयकॉनमध्ये काहीच नाही, नेटवर्क मॅनेजरची कमांड एनएमसीएलआय डिव्हाइस चालवून बघितली तर कार्डापुढे अनमॅनेज्ड लिहिलेलं. कारण असं की इन्स्टॉलरने तेव्हा कार्डाचं नाव ईटीसी मधल्या नेटवर्क इंटरफेसेसच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि डेबियनमध्ये त्या फाइलमध्ये ज्याचं नाव आहे त्याला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही. त्या ओळी काढल्या, फक्त एलओ (मशीनचं स्वतःशीच बोलायचं आतलं नेटवर्क) च्या ठेवल्या, सर्व्हिस रीस्टार्ट, झालं. पाच मिनिटांचं काम पण माहीत नसेल तर दोन दिवस जातात.

बहिणीकडे परत येतो. वायफाय आलं, पण मध्येच अडखळायला लागलं, तुटायचं नाही पण व्हिडिओ गोठायचा आणि परत चालू व्हायचा. तिचं म्हणणं नेटवाल्यांचाच प्रॉब्लेम असणार. मी दोन टर्मिनल उघडले, एकात राउटरला पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं), एकात बाहेरच्या पत्त्याला. बाहेरचा उड्या मारत होता हे समजू शकतो, पण राउटरचा पण मारत होता, तीन-चार मिलिसेकंद येता येता एकदम दोनशे, तीनशे. राउटर तर शेजारच्या खोलीत! म्हणजे लोचा घरातच, लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये. नेट स्लो आहे म्हणून कुणालाही फोन करायच्या आधी ही चाचणी कराच. कारण निघालं पॉवर सेव्हिंग, वायफाय कार्ड बॅटरी वाचवायला मध्ये मध्ये डुलकी काढत होतं. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून कनेक्शन या विभागाखाली वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर २ लिहिलं. इथे लक्ष द्या, बंद करायला २ लागतो, ३ म्हणजे चालू, आणि ० म्हणजे डीफॉल्ट. खूप जण बंद करायचं म्हणून ० लिहितात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. मला २ ने फरक पडला, राउटरचा पिंग सपाट झाला.

आता आवाज. खरं सांगायचं तर वायफायपेक्षा इथेच माझा जास्त वेळ गेला, आणि आवाजाबद्दल नेटवर जे सल्ले मिळतात त्यातले निम्मे दुसऱ्याच काळातले आहेत.

सेटिंगमध्ये साउंड उघडलं तर आउटपुटच्या जागी डमी आउटपुट. हे दोन शब्द म्हणजे साउंड सर्व्हर (आवाज वाटून देणारा प्रोग्राम) चालू आहे पण त्याच्या हाताला एकही कार्ड लागलेलं नाही. लिनक्समध्ये आवाजाचे मजले असतात, सगळ्यात खाली कर्नलमध्ये अल्सा, तेच खऱ्या हार्डवेअरशी बोलतं, त्याच्या वर पाइपवायर, आणि पाइपवायरसोबत वायरप्लंबर, जो कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जायचा ते ठरवतो. आधी वरच्या मजल्यावर पल्सऑडिओ असायचं, डेबियन १२ च्या ग्नोममध्ये त्याच्या जागी पाइपवायर आलं. आता डमी आउटपुट दिसलं की लोक काय करतात, पाइपवायर काढ, परत टाक, पल्सऑडिओ टाक, कॉन्फिग पुसून टाक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी एप्ले डॅश एल चालवा, हे थेट अल्साला विचारतं की कार्डं किती. तिच्या लॅपटॉपवर उत्तर आलं नो साउंडकार्ड्स फाउंड. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पाइपवायर दहा वेळा टाकलं असतं तरी काही झालं नसतं.

इथे मी एक शॉर्टकट घेतला. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एक फाइल करा आणि एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी या मॉड्यूलला डीएसपी-ड्रायव्हर बरोबर १ द्या. दिलं, रीबूट केलं, आणि स्पीकर वाजले पण. गाणं लावून बघितलं, व्हिडिओ लावून बघितला, सगळं छान, मी लॅपटॉप तिच्या हातात दिला आणि आपल्या कामाला लागलो.

संध्याकाळी तिचा क्लास सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला ती माझ्या खोलीच्या दारात. "दादा, मला सगळ्यांचं ऐकू येतंय, पण माझं कुणालाच ऐकू जात नाहीये. मी पाच मिनिटं एकटीच बोलत बसले, मग कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं की मॅडम आवाज नाही." मला खरंच वाईट वाटलं, कारण मी माइक तपासलाच नव्हता, आवाज म्हणजे स्पीकर असंच डोक्यात धरून चाललो होतो. तो क्लास तिने फोनवरून घेतला.

मग नीट बसून वाचलं. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आतला माइक डिजिटल असतो आणि तो जुन्या पद्धतीच्या ऑडिओ चिपला जोडलेलाच नसतो, तो थेट प्रोसेसरसोबतच्या डीएसपीला (आवाजाचं काम करणारा छोटा प्रोसेसर) जोडलेला असतो. त्या डीएसपीला चालवायला एसओएफ लागतं, साउंड ओपन फर्मवेअर, इंटेलने सुरू केलेला ओपन सोर्स प्रकल्प. तो १ आकडा दिला की कर्नल डीएसपी बाजूला ठेवतो आणि जुना एचडीए ड्रायव्हर वापरतो, स्पीकर आणि हेडफोनचं पोर्ट त्या जुन्या वाटेवर असतात म्हणून वाजतात, आतला माइक त्या वाटेवर नाही म्हणून तो गायबच होतो. रेकॉर्डिंगची कार्डं दाखवणारी कमांड आहे एरेकॉर्ड डॅश एल, त्यात फक्त बाहेरून हेडसेट लावायची एंट्री दिसत होती, आतल्या माइकचं नावही नव्हतं.

ती फाइल काढून टाकली, इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) अपडेट केलं, रीबूट करून डीमेसग मध्ये एसओएफ शोधलं. लालभडक ओळ, एसओएफ फर्मवेअर फाइल इज मिसिंग. पहिल्या दिवसापासून ही ओळ तिथे होती, मीच बघितली नाही. फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड नावाचं पॅकेज टाकलं, परत रीबूट, आणि एप्ले मध्ये एकदम मोठी यादी आली, ॲनालॉग, दोन-तीन एचडीएमआय, आणि एरेकॉर्ड मध्ये डीएमआयसी. तोच तो आतला माइक. एक पॅकेज, बस. त्याच्यासोबत अल्सा-यूसीएम-कॉन्फ पण आहे ना बघून घ्या, कार्डाचे स्पीकर, हेडफोन, माइक कसे मांडायचे ते त्यात असतं.

कार्ड दिसतंय पण आवाज नाही, अशी केस असेल तर अल्सामिक्सर. टर्मिनलमध्येच उभे पट्टे येतात. एफ६ दाबून खरं कार्ड निवडायचं, कारण सुरुवातीला पाइपवायरचा एकच पट्टा दिसतो आणि लोक तोच वर-खाली करत बसतात. पट्ट्याच्या खाली एमएम लिहिलेलं असेल तर तो म्यूट आहे, एम दाबायचं, तिथे शून्य शून्य येतं, शून्य शून्य म्हणजे चालू. उलटं वाटतं पण तसंच आहे. ऑटो-म्यूट मोड असा एक पर्याय असतो, हेडफोन लावला की स्पीकर बंद करणारा, काही मशीनवर पोर्टला हेडफोन लावलाय असा गैरसमज होऊन स्पीकर कायम बंद राहतात, तिथे तो डिसेबल करून बघायचा. मग स्पीकर-टेस्ट, डॅश सी २ आणि डॅश टी वॅव्ह देऊन, एका बाईचा आवाज डावीकडून फ्रंट लेफ्ट म्हणतो आणि उजवीकडून फ्रंट राइट. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा बहीण शेजारच्या खोलीतून धावत आली, आला आला म्हणत. बरं वाटलं.

हेडफोन वाजतोय, कार्ड दिसतंय, म्यूट नाही, तरी लॅपटॉपचे स्पीकर गप्प, हा प्रकार अलीकडच्या लॅपटॉपमध्ये दिसतो. त्यात स्पीकरच्या आधी वेगळा स्मार्ट ॲम्प्लिफायर असतो, त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आणि स्वतःचं फर्मवेअर. तिथे सेटिंगशी झटापट करू नका, नवा कर्नल आणि नवं फर्मवेअर हाच मार्ग. आणि स्पीकर एकदम ठीक असून आवाज नाही तर पॅव्हूकंट्रोल (आवाजाच्या सेटिंगचं ॲप) उघडून कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये बघा, मॉनिटर लावलेला असेल तर सगळा आवाज एचडीएमआयने तिकडे जात असतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात.

एक छोटा त्रास उरला होता. थोडा वेळ शांतता गेली की पुढच्या आवाजाचा पहिला तुकडा खाल्ला जायचा, नोटिफिकेशनची टिंग अर्धीच यायची, विद्यार्थी बोलायला लागला की त्याचा पहिला शब्द गायब. वायरप्लंबर पाच सेकंद काही वाजलं नाही की कार्ड झोपवतो, जागं व्हायला त्याला क्षणभर लागतो. सस्पेंडची ती वेळ शून्य केली की झोपणं बंद. बॅटरीला थोडा फरक पडत असेल, शिकवताना लॅपटॉप चार्जरलाच असतो त्यामुळे चालतं. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर कार्ड असंच झोपत-उठत असल्याने टक टक आवाज यायचा, तिथे मात्र कर्नलच्या एचडीए ड्रायव्हरचं पॉवर-सेव्ह शून्य करावं लागलं. कारण सारखं, मजला वेगळा.

ब्लूटूथचं थोडक्यात. डेबियनमध्ये पाइपवायरसाठी लिबस्पा-ब्लूटूथचं पॅकेज वेगळं आहे, ते नसेल तर हेडफोन पेअर होतो पण आवाजाच्या यादीत येत नाही. आणि मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो, हा बिघाड नाही, हेडफोनचा माइक वापरला की ब्लूटूथ ए२डीपी (चांगल्या आवाजाचं, फक्त ऐकायचं प्रोफाइल) सोडून हँड्सफ्री प्रोफाइलवर जातं, तिथे १६ किलोहर्ट्झ किंवा त्याहून खालचं ८ किलोहर्ट्झ एवढंच मिळतं. बहिणीला हेडफोन ब्लूटूथचा आणि माइक लॅपटॉपचा अशी जोडी लावून दिली, आता ऐकायला पण चांगलं आणि बोलणं पण स्पष्ट. हे विंडोजवर पण असंच व्हायचं, फक्त तिथे आपण कारण शोधत नव्हतो.

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, काही दिवस थांबून तिचा लॅपटॉप त्यावर नेला. १३ मध्ये मुळातच ६.१२ कर्नल आहे, म्हणजे जे मी बॅकपोर्ट्समधून ओढून आणलं होतं ते आता घरचंच झालं, बॅकपोर्ट्सची ओळ काढून टाकली. अपग्रेडमध्ये वायफायला काही झालं नाही, पॉवरसेव्हची फाइल जशीच्या तशी चालली. आवाजात एक गोष्ट मोडली, तो पहिला शब्द खाण्याचा प्रकार परत सुरू झाला. १२ मध्ये वायरप्लंबर ०.४ होता, त्याची कॉन्फिग लुआ भाषेत लिहायची असते, १३ मध्ये ०.५ आहे आणि त्याने लुआमधल्या कॉन्फिग फाइल वाचणं बंद केलंय, नवी पद्धत जेसनसारखी आहे. माझी जुनी फाइल तिथेच पडून होती, एरर नाही काही नाही, फक्त तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. नव्या पद्धतीत लिहिली, यूजर सर्व्हिस रीस्टार्ट केल्या, ठीक. नेटवर आवाजाचे उपाय वाचताना फाइलचं नाव लुआने संपतंय का तेवढं बघा, संपत असेल तर तो उपाय १३ साठी नाही.

अर्धा स्टार का कापला तर बॅकपोर्ट्स आणि फर्मवेअर या दोन गोष्टी नव्या माणसाला स्क्रीनवर कुठेच समोर येत नाहीत, त्या माहीत असाव्या लागतात. डमी आउटपुट लिहिण्यापेक्षा फर्मवेअरची फाइल सापडली नाही, हे हे पॅकेज टाका, एवढं डेस्कटॉपने सांगितलं तर कितीतरी लोक टिकतील असं मला मनापासून वाटतं, कारण कर्नलला ते माहीत असतंच, त्याने लिहून पण ठेवलेलं असतं.

नवीन लॅपटॉपवर टाकणार असाल तर आधी डेबियनची लाइव्ह इमेज पेन ड्राइव्हवर घेऊन बूट करा, डिस्कला हात न लावता. वायफाय जोडा, गाणं लावा, आणि माइकवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून परत ऐका, हे तिसरं विसरू नका. वायफायचा ड्रायव्हर अजून कुठल्याच कर्नलमध्ये नसेल आणि कार्ड बदलता येण्यासारखं असेल तर ते बदलणं हाही मार्ग आहे, इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फक्त सीएनव्हीआय प्रकारची (ज्यांचं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच्या चिपमध्ये होतं अशी) कार्डं घेऊ नका जोपर्यंत मशीन त्यांना चालतं याची खात्री नाही, एएक्स२०१ त्यातलं आहे, एएक्स२१० मात्र साध्या पीसीआयवर चालतं. काही लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, म्हणून आधी उघडून बघा.

बहिणीचा लॅपटॉप आता रोज चार-पाच तास क्लासला चालतो. तिच्या डेस्कटॉपवर मी एक टेक्स्ट फाइल ठेवलीय, एलएसपीसीआय, डीमेसग, आरएफकिल, एप्ले, एरेकॉर्ड, प्रत्येकासमोर एका ओळीत काय बघायचं ते. मागच्या आठवड्यात अपडेटनंतर वायफाय गेलं तेव्हा तिने मला हाक मारली नाही, आरएफकिल लिस्ट बघितली, सॉफ्ट ब्लॉक दिसला, तो काढला, आणि मला जेवताना सांगितलं.